धाकट्यासाठी मागितलेली लस

त्या दिवशी घरातलं कोणीच आजारी नव्हतं, तरी चौघंही नंबर लावून बसले होते. आई, बाबा, नऊ वर्षांची थोरली आणि पाच वर्षांचा धाकटा. नाशिकच्या सिडकोतलं घर. बाबा अंबड एमआयडीसीत शिफ्टला, आई घरीच शिकवण्या घेते, आजी निफाडहून येऊन-जाऊन असते. मी याच भागात बालरोगतज्ज्ञ म्हणून बसते. जन्माच्या वेळचं बीसीजी सोडलं तर धाकट्याच्या सगळ्या लसी माझ्याच हातच्या. नावं देत नाही. थोरली, धाकटा, आई, बाबा, आजी एवढ्यावर भागेल.

जुलै २०२४ चा तिसरा आठवडा होता. थोरलीच्या वर्गातला, दोन गल्ल्या पलीकडे राहणारा एक मुलगा डेंग्यूनं आयसीयूत होता. पालकांच्या ग्रुपवर त्याच्या प्लेटलेटचा आकडा सकाळ-संध्याकाळ फिरायचा, शेअर बाजारातल्या भावासारखा. आईची झोप उडाली होती.

बाबांनी मोबाइल पुढे केला. त्यांचा धाकटा भाऊ कंपनीच्या कामानं जकार्तात असतो. त्याचा मेसेज होता : ‘दादा, इकडे डेंग्यूची लस मिळते. दिवाळीत सगळे या, दोन्ही पोरांना टोचून घेऊ.’ बाबांचे प्रश्न तयारच होते. ही लस इथे मिळेल का? नसेल मिळत तर भाऊ येताना थर्मासमध्ये घालून आणेल का? आणि तेही जमत नसेल तर दिवाळीची तिकिटं काढू का, कारण आत्ता काढली तर स्वस्त पडतात.

आई मध्येच म्हणाली, “मॅडम, मोठीला होऊन गेलाय डेंग्यू दोन वर्षांपूर्वी. तिला नाही दिली तरी चालेल. याला मात्र द्यायचीच.”

हे प्रकरण लिहायला घेतलं ते आईच्या या वाक्यासाठी. कांजिण्या, गोवर अशा आजारांच्या बाबतीत आपण असाच विचार करत आलो : एकदा होऊन गेला की सुटलो, लस ती न झालेल्याला. डेंग्यूच्या लसीचा हिशेब याच्या नेमका उलटा चालतो, आणि तो समजावून सांगण्यात माझी त्या दिवशीची अर्धी ओपीडी गेली.

पटकन सुटलेले प्रश्न

त्या वेळी भारतात डेंग्यूच्या कुठल्याही लसीला परवानगी नव्हती, मुलांसाठीही नाही आणि मोठ्यांसाठीही नाही. त्यानंतर तीन-चार आठवड्यांतच, १४ ऑगस्टला, रोहतकला आयसीएमआर (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) आणि पॅनेशिया बायोटेक ही कंपनी यांच्या ‘डेंगीऑल’ या एका डोसच्या लसीची तिसऱ्या टप्प्याची चाचणी सुरू झाली; १९ केंद्रं आणि १०,३३५ स्वयंसेवक. पण सगळे प्रौढ. ती बातमी वाचून बाबांनी ‘यात धाकट्याचं नाव घालता येईल का’ असा मेसेज केला होता, त्याला मी एका शब्दात उत्तर दिलं.

थर्मासचा विषय त्याहून लवकर संपला. जकार्तात मिळणारी लस ‘क्यूडेंगा’, जपानच्या टाकेडा कंपनीची. ती कोरड्या पावडरीच्या रूपात येते, सोबत पाणी वेगळं. टोचेपर्यंत २ ते ८ अंशांत ठेवायची, आणि एकदा पाण्यात मिसळली की दोन तासांच्या आत वापरायची. जकार्ता ते सिडको हा प्रवास थर्मासमधल्या बर्फावर झाला तर लस गोठते तरी, नाहीतर तापते तरी, आणि यातलं काय झालं ते बाटलीकडे बघून कळत नाही. शिवाय परवानगी नसलेली लस मी मुलाला टोचणार नाही, हे मी स्पष्ट सांगितलं. बाबा समजूतदार माणूस आहेत, त्यांनी हा मुद्दा लगेच सोडला.

आईनं पाहिलेला व्हिडिओ

तिसऱ्या प्रश्नाकडे वळणार तोच आईनं पर्समधून दुसरा मोबाइल काढला. एकीकडे तिला लस हवी होती आणि दुसरीकडे ‘फिलिपाइन्समध्ये लसीनं मुलं मेली’ असा व्हिडिओ तिनंच रात्री दोन वाजता पाहिला होता. पालकांच्या मनात या दोन्ही गोष्टी एका वेळी सुखानं नांदतात, हे मी वीसेक वर्षं बघते आहे. व्हिडिओत आरडाओरडा फार होता, पण त्यामागची गोष्ट खोटी नव्हती, त्यामुळे ‘व्हॉट्सअॅपवरचं काही खरं मानू नका’ म्हणून मला सुटता आलं नाही.

डेंग्यूचे विषाणू चार, एकमेकांची सख्खी भावंडं. एकाशी झुंज झाली की त्या एकापासून जवळपास जन्मभराचं संरक्षण मिळतं. बाकीच्या तिघांपासून मात्र काही महिनेच. पुढे दुसरं भावंड आलं की जुने प्रतिपिंड, म्हणजे पहिल्या झुंजीत विषाणूला धरायला शरीरानं बनवलेली प्रथिनं, त्याला चिकटतात खरे, पण निकामी करू शकत नाहीत. उलट त्याला पेशीच्या आत शिरायला मदतच होते. सोसायटीचा वॉचमन चेहरा ओळखीचा वाटतो म्हणून गेट उघडतो, तसला प्रकार. म्हणून डेंग्यू गंभीर होण्याचा धोका दुसऱ्या खेपेला सगळ्यात जास्त असतो.

डेंग्यूची परवाना मिळालेली पहिली लस ‘डेंगवॅक्सिया’, सनोफी कंपनीची. डिसेंबर २०१५ मध्ये मेक्सिकोनं तिला परवानगी दिली. एप्रिल २०१६ पासून फिलिपाइन्सनं ती शाळांतून द्यायला घेतली आणि आठ लाखांहून अधिक मुलांना किमान एक डोस दिला. नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीला कंपनीनंच जाहीर केलं की ज्यांना आधी डेंग्यू झालेला नाही त्यांना या लसीनंतर गंभीर डेंग्यूचा धोका वाढतो. कधीच डेंग्यू न झालेल्या मुलाच्या शरीरात लस पहिल्या डेंग्यूचं काम करून जायची. मग खरा डेंग्यू आला की शरीराच्या हिशेबी तो दुसरा. आकडे असे होते : पाच वर्षांच्या काळात, आधी डेंग्यू होऊन गेलेल्या दर हजार लसवंतांमागे दवाखान्यात दाखल होणारे १५ जण कमी झाले, आधी न झालेल्या दर हजारांमागे ५ जण वाढले आणि गंभीर रुग्ण २ वाढले.

हे आकडे मी प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या बाजूला लिहून दाखवले. आई बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे ही लस मोठीची होती. याची नव्हतीच.” मला यापेक्षा सोप्या शब्दांत सांगता आलं नसतं.

फिलिपाइन्सनं मोहीम थांबवली, २०१९ मध्ये परवाना रद्द केला. तिथे लोकांचा सगळ्याच लसींवरचा विश्वास इतका ढासळला की त्याच वर्षी गोवराची मोठी साथ आली. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये सांगितलं की डेंगवॅक्सिया द्यायची तर आधी रक्त तपासून, डेंग्यू होऊन गेल्याची खात्री करूनच द्या. पुढे मागणी नाही म्हणून कंपनीनं ती बनवणंच थांबवलं.

मग जकार्तातली लस?

क्यूडेंगाची बांधणी वेगळी आहे. डेंगवॅक्सियाचा पाया पीतज्वराच्या लसीचा विषाणू होता, क्यूडेंगाचा पाया डेंग्यूचाच दोन नंबरचा विषाणू आहे. तीन महिन्यांच्या अंतरानं दोन डोस. आठ देशांत, ४ ते १६ वयाच्या वीस हजारांवर मुलांवर तिची चाचणी झाली. त्यात आपला शेजारी श्रीलंकाही होता. दुसऱ्या डोसनंतरच्या पहिल्या वर्षात डेंग्यू टाळण्यात ती ८०.२ टक्के परिणामकारक ठरली. साडेचार वर्षांपर्यंतचा हिशेब केला तेव्हा हा आकडा ६१.२ वर उतरला, पण दवाखान्यात दाखल व्हायला लावणाऱ्या डेंग्यूविरुद्ध तो ८४.१ राहिला. इंडोनेशियानं ऑगस्ट २०२२ मध्ये तिला सगळ्यांत आधी परवानगी दिली, त्या वर्षाअखेर युरोपनं दिली, ब्राझीलनं फेब्रुवारी २०२४ पासून १० ते १४ वर्षांच्या मुलांना सरकारी कार्यक्रमातून द्यायला घेतली.

मी लसीच्या बाजूची आहे, हे इथेच सांगून टाकते. माझ्या हयातीत डेंग्यूची चांगली लस नाशिकच्या मुलांना मिळावी अशी माझी मनापासून इच्छा आहे. पण एका घराला ‘तिकीट काढा’ म्हणताना इच्छेवर भागत नाही.

अडचण अशी की आधी डेंग्यू न झालेल्या मुलांत या लसीचं काम चारही विषाणूंवर सारखं दिसलं नाही. दोन नंबरवर उत्तम, एक नंबरवर ठीक, तीन नंबरविरुद्ध संरक्षण दिसलंच नाही, आणि चार नंबरचे रुग्ण चाचणीत इतके थोडे होते की काही ठरवता येईना. ज्यांना आधी होऊन गेला होता त्यांच्यात मात्र चौघांविरुद्धही फायदा दिसला. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा की जिथे डेंग्यू भरपूर फिरतो, म्हणजे बहुतेक मुलांना लहानपणीच तो गाठतो, तिथे ६ ते १६ वर्षांच्या मुलांना ही लस द्यावी.

सहा ते सोळा. आणि इंडोनेशियात परवानगी मिळाली ती ६ ते ४५ वर्षांसाठी. धाकटा पाच वर्षांचा. ज्याच्यासाठी तिकिटं काढायची होती तोच वयात बसत नव्हता. बाबा हसले, आई हसली नाही.

हरवलेला कागद

मग राहिली थोरली. तिला डेंग्यू होऊन गेला असेल तर पुढेमागे लसीसाठी ती चांगली उमेदवार. पण ‘होऊन गेलाय’ हे कशावरून?

आईला कागद सापडेना. ऑक्टोबर २०२२ मधलं आजारपण. तेव्हा मी गावाला होते, त्यांनी दुसरीकडे दाखवलं होतं. फाईल घर बदलताना गेली. शेवटी आजीच्या मोबाइलमध्ये, काकांना पाठवलेला रिपोर्टचा तिरपा फोटो मिळाला. तो मी मोठा करून पाहिला. तापाचा तिसरा दिवस. रॅपिड कार्ड. एनएस-वन, म्हणजे विषाणूचं स्वतःचं प्रथिन, निगेटिव्ह. आयजीएम, म्हणजे ताज्या संसर्गाचे प्रतिपिंड, त्यापुढे लिहिलेलं ‘वीकली पॉझिटिव्ह’, म्हणजे जेमतेम पॉझिटिव्ह. आयजीजी, म्हणजे मागाहून येऊन टिकून राहणारे प्रतिपिंड, त्याची रेघ नाही. प्लेटलेट १ लाख ३८ हजार.

एवढ्यावर त्या प्रयोगशाळेनं खाली लाल अक्षरांत ‘डेंग्यू पॉझिटिव्ह’ छापलं होतं आणि पुढची दोन वर्षं घरानं ते गृहीत धरलं होतं. तिसऱ्या दिवशी खरा डेंग्यू असेल तर एनएस-वन बहुतेक वेळा सापडतो. आयजीएम सहसा पाचव्या दिवसानंतर वर येतं. इथे सगळं उलटं. रॅपिड कार्डावरच्या पुसट रेघेवर निदान पक्कं धरू नये, एलायझा ही प्रयोगशाळेतली जास्त खात्रीची तपासणी करावी, असं डेंग्यूच्या राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रमाचंही सांगणं आहे. एलायझा झालीच नव्हती. आजीनं पपईच्या पानांचा रस पाजला, चार दिवसांत पोर उठून बसली, आणि रसाची ख्याती निफाडपर्यंत पोचली.

मी आयजीजी एलायझा करायला सांगितली. होऊन गेलेल्या डेंग्यूची खूण वर्षानुवर्षं रक्तात राहते, ती त्यातून दिसते. थोरलीच्या रक्ताबरोबर धाकट्याचंही घेतलं.

धाकट्याचं घ्यायला नको होतं. त्याच्या निकालावर करण्यासारखं काहीच माझ्या हाती नव्हतं. लस मिळत नव्हती, वय बसत नव्हतं. खरं सांगायचं तर मला कुतूहल होतं. आयसीएमआरच्या संस्थांनी २०१७-१८ मध्ये १५ राज्यांत केलेल्या पाहणीत ५ ते ८ वर्षांच्या २८.३ टक्के मुलांच्या रक्तात डेंग्यूची जुनी खूण सापडली होती, ९ ते १७ वयात ४१ टक्के, १८ ते ४५ मध्ये ५६.२ टक्के. हे कागदावरचं आपल्या गल्लीत कसं दिसतं, ते बघावं असं वाटलं. डॉक्टरच्या कुतूहलाची किंमत पेशंटच्या आईनं मोजावी हे बरं नव्हे.

निकाल आला. थोरली निगेटिव्ह. धाकटा पॉझिटिव्ह.

मी पुन्हा नमुना पाठवला, कारण नावांची अदलाबदल झाली असेल अशीच माझी पहिली शंका होती. तेच उत्तर. आयजीजीची गफलत डेंग्यूच्या नात्यातल्या दुसऱ्या विषाणूंमुळे, जपानी मेंदूज्वराच्या लसीमुळेही होऊ शकते. धाकट्याला ती लस दिलेली नव्हती. म्हणजे घरात ज्याला कधीच डेंग्यू झाला नाही अशी खात्री होती त्याला तो होऊन गेला होता, कधीतरी, एखाद्या दिवसाच्या कणकणीत, दात येताहेत म्हणून सोडून दिलेल्या तापात. यात चमत्कारिक काही नाही. डेंग्यूच्या चारांपैकी तीन संसर्ग असेच येतात आणि न बोलावता जातात.

आईची अवस्था बघवेना. “म्हणजे आता याला दुसऱ्यांदा होणार, तो वाईट?” मी सांगितलं की दुसऱ्यांदा झालेले बहुतेक डेंग्यूही साधेच निघतात, धोका जास्त याचा अर्थ गंभीरच होतो असा नाही. तिनं मान हलवली. पण पुढचा महिनाभर ती दिवसातून चार वेळा त्याचं कपाळ चाचपत होती, हे मला आजीनं सांगितलं.

कूलर

रविवारी संध्याकाळी भाजी आणायला निघाले होते, वाटेत त्यांचं घर, म्हणून शिरले. महापालिकेचे मलेरियावाले आठवड्यापूर्वी येऊन गेल्याचं आजी अभिमानानं म्हणाल्या. गच्चीवरच्या पिंपाला झाकण होतं, मनीप्लांटची बाटली रिकामी होती, तुळशीखालची बशीही कोरडी. घर म्हणाल तर लख्ख.

गॅलरीत प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेला कूलर उभा होता. मे महिन्यानंतर कोणी हात लावला नव्हता. मी कागद उचलून मोबाइलचा टॉर्च आत मारला. तळाला तीन बोटं पाणी, अगदी नितळ, खालचा गंजाचा डाग दिसेल इतकं. प्रकाश पडताच पाण्याच्या वरच्या थरातून बारीक काळ्या रेघा सर्रकन खाली गेल्या. मग एक-एक करून पुन्हा वर यायला लागल्या, डोकं खाली आणि शेपूट वर, वाकडं होत होत. धाकटा माझ्या काखेखालून वाकून मोजत होता. सतरापर्यंत मोजून त्यानं हात टेकले.

“पण पाणी तर स्वच्छ आहे की!” आजी म्हणाल्या.

डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला तेच हवं असतं, गटाराशी त्याचं देणंघेणं नाही. ते पाणी आम्ही मोरीत न ओतता समोरच्या रस्त्याकडेच्या कोरड्या मातीवर ओतलं, म्हणजे अळ्या तिथेच मरतात. मग आजींना घासणी आणि पावडर घेऊन टाकीच्या आतल्या बाजू घासायला लावल्या. पाणी फेकून दिलं तरी अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर भिंतीला चिकटून राहतात, कोरडी असली तरी कित्येक महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी लागलं की फुटतात. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातला एक दिवस कोरडा पाळायचा. गुरुवार ठरला, कारण आजींचा उपवास असतो आणि त्यांना वेळ असतो.

मलेरियावाल्यांना दोष देऊन उपयोग नाही. झाकलेला कूलर त्यांनी झाकलेलाच पाहिला, आणि पाहुण्यांसमोर कूलर कोण उघडून दाखवतं? मलाही तो दिसला नसता, पण दोन वर्षांपूर्वी माझ्याच घरच्या फ्रिजमागच्या ट्रेमध्ये अळ्या निघाल्या होत्या. तेव्हापासून जिथे पाणी ‘नसतंच’ असं लोक म्हणतात तिथे आधी बघते.

हा डास साधारण दोन-चारशे मीटरच्या परिघातच आयुष्य काढतो. आयसीयूतला मुलगा दोन गल्ल्या पलीकडचा. त्यांच्या कूलरचा आणि त्या मुलाचा संबंध मी आईसमोर बोलून दाखवला नाही. तो मुलगा तोवर घरी आला होता.

सप्टेंबर

गौरी जेवल्या त्या दिवशी, ११ सप्टेंबरला, थोरलीला ताप भरला. १०३. डोळ्यांमागे ठणका, अंग मोडून आलेलं. दुसऱ्या दिवशी एनएस-वन पॉझिटिव्ह. नियमाप्रमाणे महापालिकेला कळवलं, नमुना एलायझासाठी सरकारी प्रयोगशाळेत गेला. तिथूनही तेच आलं. वजन २६ किलो. पॅरासिटामॉल एका वेळी ३७५ मिलिग्रॅम, तेही सहा तासांच्या अंतरानं. आयब्युप्रोफेन असलेलं जोडऔषध घरात होतं, ते मी बाजूला काढायला लावलं, कारण त्यानं रक्तस्राव वाढू शकतो. पाणी, ताक, नारळपाणी, पेज, आणि लघवी किती वेळा झाली त्याची वहीत नोंद.

चौथ्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, ताप उतरला. आईचा फोन आला तोच हसऱ्या आवाजात. “उतरला मॅडम! आता काळजी नाही ना?”

या आजारात मला सगळ्यात जास्त भीती याच फोनची वाटते. काळजी इथून सुरू होते. ताप उतरण्याच्या सुमारास रक्तवाहिन्या झिरपायला लागतात, रक्तातलं पाणी बाहेर जातं, आणि पुढचे २४ ते ४८ तास निर्णायक असतात. मी वहीतल्या नोंदी विचारल्या : दुपारपासून लघवी एकदाच. पोटात दुखतंय म्हणते, दोनदा उलटी झाली, खेळायला बोलावलं तरी उठत नाही. मी म्हटलं, गाडी काढा.

दाखल केलं तेव्हा प्लेटलेट ४८ हजार. आईचं सगळं लक्ष त्या आकड्यावर, माझं हिमॅटोक्रिटवर, म्हणजे रक्तात लाल पेशींचा वाटा किती टक्के यावर. दुसऱ्या दिवशीच्या तपासणीत तो ३६ होता, आता ४३. जवळपास २० टक्के वर. म्हणजे रक्त घट्ट होत होतं. सलाईन तासाला १३० मिलिलिटरनं सुरू केलं, दोन तासांनी पुन्हा पाहून कमी केलं, मग आणखी कमी. डेंग्यूमध्ये सलाईन कमी पडलं तर मूल शॉकमध्ये जातं, आणि जास्त झालं तर तेच पाणी छातीत साठतं. त्यामुळे रात्रभर आकडा बघत नळ फिरवत राहावं लागतं. बाबा प्लेटलेटच्या पिशवीसाठी रक्तपेढीला फोन लावत होते, त्यांना मी थांबवलं. रक्तस्राव नव्हता, आकडा दहा हजारांच्या खाली जात नाही तोवर पिशवीचा उपयोग नाही.

सोमवारी हिमॅटोक्रिट ३८. लघवी भरपूर. मंगळवारी, अनंत चतुर्दशीला, खालून मिरवणुकीचे ढोल ऐकू येत असताना तिनं वरण-भात मागितला. बुधवारी घरी.

सहाव्या दिवशीच्या रक्तात आयजीएम पॉझिटिव्ह, आयजीजी निगेटिव्ह होतं. तिचा हा पहिलाच डेंग्यू. २०२२ चा तो कागद खोटाच होता, हे आता दुहेरी सिद्ध झालं.

जकार्ताची तिकिटं काढली असती तर? बाबांनी विचारलंच. दिवाळी ३१ ऑक्टोबरच्या आसपास होती. लसीआधीच डेंग्यू येऊन गेला. पण समजा, लस नाशिकलाच जुलैमध्ये मिळाली असती, तरी आधी डेंग्यू न झालेल्या थोरलीला ती कितपत राखती, हे तिला चावलेल्या डासात कोणता विषाणू होता यावर ठरलं असतं. दोन नंबर असता तर बहुधा बरंच. तीन असता तर मी छातीठोकपणे काहीच सांगितलं नसतं.

जानेवारी

जुलैमध्ये आई म्हणाली होती, मोठीला नको, धाकट्याला द्या. नंतर कागद म्हणाला, मोठी निगेटिव्ह, धाकटा पॉझिटिव्ह. सप्टेंबरनंतर दोघंही एकाच रांगेत आले : दोघांच्याही रक्तात एकेका डेंग्यूची पक्की नोंद, आणि ज्या मुलांत क्यूडेंगाचा फायदा सगळ्यात स्पष्ट दिसला त्याच गटात दोघं. थोरलीला इतक्यात घाई नाही, ताज्या आजारानंतर काही महिने जाऊ द्यायचेच. धाकट्याबद्दल मला जुलैपेक्षा आता जास्त वाटत होतं की याला लस मिळायला हवी.

इथली वाट अजून लांब होती. टाकेडानं फेब्रुवारी २०२४ मध्ये हैदराबादच्या बायोलॉजिकल ई कंपनीशी वर्षाला पाच कोटी डोसपर्यंत उत्पादन करण्याचा करार केला होता, पण परवानगी, दर, कार्यक्रमात समावेश यांतलं काहीही माझ्या ओपीडीत पोचलेलं नव्हतं.

धाकट्याला जानेवारीत सहा पूर्ण झाली. केकच्या फोटोखाली काकांचा मेसेज पडला : ‘आता तर वयात बसतो!’ बाबा तो घेऊन माझ्याकडे आले, या वेळी एकटी आई बरोबर.

मी म्हटलं, हो, बसतो. आता मी नको म्हणणार नाही. फक्त दोन डोस, मध्ये तीन महिने. एप्रिलमध्ये परीक्षा संपल्यावर पहिला घेतलात तर दुसरा जुलैत येतो. शाळा जूनमध्ये उघडते. एक घेऊन दुसरा सोडायचा असेल तर जाऊ नका. आणि जिवंत लस आहे, तेव्हा निघण्याआधी आठवडाभर त्याला ताप नाही ना, ते मला दाखवून जा.

बाबांनी मोबाइलवर कॅलेंडर उघडलं, चौघांचं एकदाचं आणि मग बाप-लेकाचं दुसऱ्यांदाचं विमानभाडं जोडलं, बेरीज बघून मोबाइल खिशात ठेवला आणि “कळवतो, मॅडम” म्हणून उठले.

आई उठली नाही. तिनं प्लास्टिकच्या नव्या फाईलमधून दोन रिपोर्ट काढून टेबलावर ठेवले, थोरलीचा आणि धाकट्याचा.

“याच्या झेरॉक्स तुमच्याकडे राहू देता का?”